जखमेचा सरकारी दर

लंडन वार्तापत्र

१९५१ साली इंग्लंडमध्ये दोघांनी एका माणसाला इतकं मारलं, की त्याची दृष्टी कायमची गेली. न्यायालयाने त्याला ११,५०० पौंडांची भरपाई मंजूर केली. त्या काळी ही रक्कम म्हणजे आयुष्याची बेगमी होती, पण हल्लेखोरांच्या खिशात दमडी नव्हती. मग दोघांनी आठवड्याला प्रत्येकी पाच शिलिंग भरावेत असं ठरलं. मार्जरी फ्राय यांनी पुढे या निकालाचा हिशेब मांडला. शेवटचा हप्ता हातात पडायला त्या माणसाला आणखी ४४२ वर्षं जगावं लागणार होतं!

फ्रायबाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजच्या माजी प्राचार्य, कलासमीक्षक रॉजर फ्राय यांच्या धाकट्या भगिनी. कैद्यांना माणसासारखं वागवा, म्हणून त्या आयुष्यभर झटल्या. उतारवयात त्यांना दुसरी बाजू खुपू लागली. गुन्हेगाराच्या जेवणाखाण्याची, सुधारणेची काळजी सरकार वाहतं, मग ज्याचं डोकं फुटलं त्याचं काय? १९५७ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्यांनी लेख लिहिला. स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेऊन फिरायला सरकार नागरिकाला बंदी करतं, तर संरक्षणात कमी पडल्यावर सरकारला सगळी जबाबदारी झटकता येणार नाही, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. कारखान्यात हात गेलेल्या कामगारामागे विमा उभा राहतो, तसंच इथेही व्हावं.

पुढच्याच वर्षी बाई गेल्या. न्यूझीलंडने १९६३ मध्ये जगातला असा पहिला कायदा केला आणि १ ऑगस्ट १९६४ पासून ब्रिटनची योजना सुरू झाली. मात्र सरकारने बाईंची मागणी मान्य केली आणि त्यांचा युक्तिवाद तेवढा बाजूला ठेवला. गुन्हा घडला म्हणून सरकार काही देणं लागत नाही, निरपराध जखमीबद्दल समाजाला वाटणारी सहानुभूती सरकार पैशाच्या रूपाने व्यक्त करतं, अशी भूमिका घेतली गेली. वरवर हा शब्दच्छल वाटेल. पण ही योजना आज जी काही आहे, तिच्या चांगुलपणासकट आणि कोतेपणासकट, ती या एका भूमिकेतून वाढलेली आहे.

पहिली तीस वर्षं भरपाई दिवाणी दाव्याच्या पद्धतीने ठरत असे. प्रत्येक माणसाचं नुकसान वेगळं मोजायचं. खर्च वाढत चालला, तेव्हा गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांनी दरपत्रक आणलं. संसदेने मंजूर केलेला कायदा बाजूला सारून त्यांनी ते लागू करायचा घाट घातला, म्हणून अग्निशामक दलाची कामगार संघटना न्यायालयात गेली आणि १९९५ मध्ये हॉवर्डसाहेब हरले. मग त्याच वर्षी रीतसर कायदा झाला आणि १ एप्रिल १९९६ पासून दरपत्रक आलंच. सध्या चालते ती २०१२ ची आवृत्ती. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे अर्ज ग्लासगोच्या कार्यालयात जातात. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा आहे.

हे दरपत्रक एकदा तरी वाचून पाहावं. शरीराचे अवयव डोक्यापासून पायापर्यंत मांडलेले, प्रत्येकापुढे आकडा. किमान रक्कम १,००० पौंड, कमाल ५ लाख. ही कमाल मर्यादा १९९६ पासून एका पेनीनेही हललेली नाही. या काळात लंडनमधल्या घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. बलात्काराला ११,००० पौंड. हल्ल्यात पोटातलं मूल गेलं तर ५,५००. घरातला माणूस मारला गेला आणि हक्कदार एकच असेल तर ११,०००, जास्त असतील तर प्रत्येकी ५,५००. एकाहून अधिक जखमा असतील तर सर्वांत मोठीचे पूर्ण पैसे, दुसरीचे तीस टक्के, तिसरीचे पंधरा टक्के. चौथी जखम फुकटात गेली म्हणायची.

हे सगळं मी जवळून पाहिलं ते हाउन्स्लोमधल्या एका मराठी मुलामुळे. मूळचा संगमनेरकडचा, हीथ्रोजवळच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करतो, वर्क व्हिसावर. रात्रपाळी संपवून बसची वाट पाहत असताना दोघांनी मोबाइल हिसकावला आणि जाता जाता जबडा मोडला. दोन दात गेले, भुवईवर टाके पडले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, कॅमेऱ्यांचं चित्रण पाहिलं आणि काही आठवड्यांनी कळवलं, की तपास थांबवत आहोत. ‘चोरच सापडले नाहीत, तर भरपाई कसली काका?’ असं म्हणून तो स्वस्थ बसला होता.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. या योजनेत आरोपीला शिक्षा व्हावी लागत नाही, तो सापडावाही लागत नाही. हल्ला झाला असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा अधिक आहे, एवढं कागदोपत्री दिसलं की पुरे. पोलिसांत तक्रार मात्र शक्य तितक्या लवकर केलेली असली पाहिजे आणि तपासाला सहकार्य केलेलं असलं पाहिजे. अर्जाची मुदत घटनेपासून दोन वर्षं. खटल्याचा निकाल लागू दे, मग बघू, असं म्हणणारे पुष्कळ जण या मुदतीत अडकतात. मुदत वाढवून मिळते, पण त्यासाठी अपवादात्मक कारण दाखवावं लागतं. लहानपणी अत्याचार झालेल्यांसाठी मुदतीचे नियम वेगळे आहेत.

त्याची दुसरी भीती व्हिसाची. इथे कामाला आलेल्या आपल्या मुलांच्या व्हिसावर ‘पब्लिक फंड्स’ घेता येणार नाहीत अशी अट असते. त्यामुळे सरकारकडून येणारा कुठलाही पैसा त्यांना विषासारखा वाटतो. पण इमिग्रेशनच्या नियमांत या फंडांची यादी दिलेली आहे आणि त्या यादीत ही भरपाई नाही. घटनेच्या वेळी तो ब्रिटनमध्ये रीतसर राहत होता, हे त्याच्या पात्रतेसाठी पुरेसं होतं.

एका रविवारी आम्ही त्याच्या खोलीवर लॅपटॉप उघडून बसलो. अर्ज फुकट आहे आणि वकील लागत नाही. मात्र ‘जिंकलात तरच फी’ म्हणणारे वकील आहेत, आणि ते मिळालेल्या रकमेतून आपला वाटा कापून घेतात. पोलिसांचा गुन्हा क्रमांक, डॉक्टरांचा पत्ता, दातांच्या दवाखान्याचा पत्ता, सगळं भराभर झालं. मग प्रश्न आला, तुमच्यावर कुठले गुन्हे सिद्ध झालेले आहेत का? त्याने हात की-बोर्डवरून काढले. ‘काका, मार मी खाल्ला. माझा इतिहास यांना कशाला हवा?’

त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. याचं उत्तर १९६४ च्या भूमिकेत आहे. पैसा ऋण म्हणून दिला असता, तर ऋणकोने धनकोचं चारित्र्य तपासायचं कारण नव्हतं. सहानुभूती म्हणून द्यायचा, तर ती कोणाला द्यायची हे देणारा ठरवणार. म्हणून अर्जदाराला पूर्वी तुरुंगवासाची शिक्षा झालेली असेल आणि कायद्याच्या भाषेत ती अजून ‘संपलेली’ नसेल, तर अर्ज सरळ फेटाळला जातो. भांडणात त्याची चूक दिसली तर रक्कम कमी होते किंवा बुडते. लिथुआनियातल्या दोन जुळ्या भावांना फसवून २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये आणलं, मारझोड करून वेठबिगारासारखं राबवलं. ते मानवी तस्करीचे बळी आहेत हे सरकारलाही मान्य होतं. पण मायदेशी चोरी-घरफोडीच्या शिक्षा झालेल्या होत्या, म्हणून भरपाई नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारचा नियम उचलून धरला.

आमच्या मुलापुढचे अडथळे साधे होते. आठ आठवडे घरी बसून त्याचा पगार बुडाला, त्याबद्दल मिळणार शून्य. कारण बुडालेल्या कमाईचे पैसे पहिल्या अठ्ठावीस आठवड्यांनंतरचेच धरतात, तेही आजारी रजेच्या किमान भत्त्याच्या दराने, म्हणजे आठवड्याला सव्वाशे पौंडांच्या आतबाहेर. रात्रीच्या बसथांब्यावर आता त्याला उभं राहवत नाही, हात कापतात. दरपत्रकात यालाही जागा आहे. माणूस अशा त्रासाने सहा आठवड्यांहून अधिक काळ निकामी झाला तर १,००० पौंड, अठ्ठावीस आठवड्यांपलीकडे गेला तर २,४००, कायमचा आणि गंभीर त्रास असेल तर २७,०००. पण नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी त्याला चालत नाही. मानसोपचारतज्ज्ञाने किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने निदान केलं पाहिजे. सरकारी आरोग्यसेवेत त्यांची भेट मिळायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. शारीरिक जखमेचा पुरावा क्ष-किरणात दिसतो, मनाच्या जखमेला रांगेत उभं राहून शिक्का मिळवावा लागतो. अर्ज गेला आहे. निर्णयाला वर्ष-दीड वर्ष लागणं इथे नवलाचं नाही.

हे वाचून योजना निव्वळ कंजूष वाटेल, पण तिची एक बाजू मला मोलाची वाटते. दर आणि अटी छापील आहेत, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येतं. निर्णय पटला नाही तर ५६ दिवसांत फेरविचार मागता येतो. तिथेही नकार मिळाला तर ९० दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. १ ऑक्टोबर १९७९ पूर्वीच्या घटनेत हल्लेखोर आणि बळी एकाच घरात कुटुंबासारखे राहत असतील तर भरपाई नाही, असा एक नियम होता. पैसा फिरून अत्याचाऱ्याच्याच खिशात जाईल, ही त्यामागची शंका. परिणाम असा, की सावत्र बापाने छळलेल्या मुलींना मोठेपणी भरपाईचं दार बंद, शेजाऱ्याने छळलेल्यांना उघडं. अशाच एका स्त्रीने हा नियम न्यायालयात नेला. २०१८ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. २०१९ मध्ये सरकारने नियम रद्द केला आणि पूर्वी परत पाठवलेल्यांनाही पुन्हा अर्ज करायला दोन वर्षं दिली. नुसत्या दयेविरुद्ध अपील करता आलं नसतं.

योजनेची दुसरी भिंत पडली ती आपल्या मुंबईमुळे. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा जखमींना या योजनेतून पैसे मिळाले. नोव्हेंबर २००८ मध्ये ताजमध्ये अडकलेला एक ब्रिटिश तरुण खिडकीतून खाली उतरताना पडला आणि कायमचा चाकांच्या खुर्चीला खिळला. हल्ला दहशतवादीच, पण परदेशात झालेला, म्हणून योजनेत बसत नव्हता. त्याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी वर्षानुवर्षं सरकारचा पिच्छा पुरवला. अखेर २०१२ मध्ये परदेशातल्या दहशतवादी हल्ल्यांतल्या ब्रिटिश बळींसाठी वेगळी सोय झाली, आणि २००२ पासूनचे मागचे हल्लेही हिशेबात घेतले गेले. मुंबईचा हल्लाही त्यांत आला.

हे लिहिताना आपल्याकडचा कायदा डोळ्यांपुढे होता. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आलं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९६ वं कलम म्हणून आहे. पीडितांसाठी प्रत्येक राज्याने भरपाई योजना करावी, असं ते सांगतं. महाराष्ट्राने २०१३ मध्ये बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांतल्या पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना आणली. मार्जरी फ्राय ज्यासाठी झगडल्या तो मुद्दा आपल्या कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. आरोपी सापडला नाही, ओळखला गेला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

पण हाउन्स्लोच्या मुलाला जसं हे ठाऊक नव्हतं, तसं ते संगमनेरच्या त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसणार. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात तिथेच एक कागद ठेवला, की भरपाईचा अर्ज कुठे करायचा आणि किती दिवसांत करायचा, तर दोन्ही देशांतल्या कायद्यांचं निम्मं काम होईल. तोवर वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, की गुन्हेगार पकडला जाईपर्यंत थांबायचं कारण लंडनमध्ये नाही आणि संगमनेरमध्येही नाही.