हाडांचा वारसा

घरांतील आजीबाई न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें, ही हकीकत बहुतेक कुटुंबांस परिचित आहे. ‘वयच झालें’ असें म्हणून आपण तो विषय सोडून देतों. परंतु त्याच वयाच्या दुसऱ्या बाई तशाच पडतात आणि चार दिवस शेकून पुन्हां हिंडूंफिरूं लागतात. हा भेद कां पडतो, याचा विचार आम्ही आज वाचकभगिनींपुढें मांडीत आहों.

हाड ही निर्जीव वस्तु नव्हे. जुनें हाड झिजविणें व नवें बांधणें हें काम शरीरांत अखंड चालतें. सुमारें तिशीपर्यंत जमेची बाजू मोठी असते. पुढें खर्च वाढतो. ऋतु बंद झाल्यावर स्त्रीच्या शरीरांतील इस्ट्रोजेन हा अंतःस्राव ओसरतो आणि झीज एकदम बळावते. हाडें अशा रीतीनें विरळ व ठिसूळ झालीं कीं त्या विकारास ‘ऑस्टिओपोरोसिस’ म्हणतात.

तिशीपर्यंत गांठीला पुंजी किती जमते, हें बव्हंशीं जन्मतःच ठरतें. एकरूप जुळ्या बहिणी आणि साध्या जुळ्या बहिणी यांची तुलना करून शास्त्रज्ञांनीं असें काढलें आहे कीं, हाडांच्या घनतेंत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा ५० ते ८५ टक्के भाग अनुवंशाचा असतो. मात्र हा वारसा एकाच जनुकाच्या हातीं नाहीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत घनतेशीं निगडित अशीं ५६ स्थानें आढळलीं. त्यांपैकीं १४ स्थानांचा संबंध प्रत्यक्ष हाड मोडण्याशीं दिसला. एकेकाचा प्रभाव अल्प. पण थेंबें थेंबें तळें साचे!

आतां एकत्र कुटुंबांत सहसा लक्षांत न येणारी गोष्ट सांगतों. सासूबाईंच्या पाठीला आलेलें पोक सुनेकडे वारशानें येत नाहीं. तें मुलाच्या द्वारें नातीकडे मात्र येऊं शकतें. सुनेच्या हाडांचा इतिहास तिच्या माहेरीं असतो आणि तो सासरीं कोणी विचारीत नाहीं. उलट मुलीच्या बाबतींत आईकडचेंच पाहिलें जातें, वडिलांकडचें विसरलें जातें. इंग्लंडांतील शेफील्ड विद्यापीठांत तयार होऊन २००८ पासून वापरांत असलेल्या ‘फ्रॅक्स’ या गणनपद्धतींत एक प्रश्न स्पष्ट आहे: आई किंवा वडील यांपैकीं कोणाचा खुबा मोडला होता काय? पित्याचाही उल्लेख तेथें आहे, हें ध्यानांत घ्यावें.

ही माहिती विचारण्याचा हेतु मात्र शुद्ध हवा. स्थळ पाहतांना मुलीस नाकारण्याचें नवें निमित्त म्हणून तिचा उपयोग झाला, तर आयाबाया आपलीं दुखणीं झांकूनच ठेवतील आणि नुकसान त्यांच्या लेकींचें होईल.

शिवाय वारसा म्हणजे ललाटलेख नव्हे. स्वीडनमधील जुळ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासांत वय वाढतें तसा हाड मोडण्यांतील अनुवंशाचा वांटा घटत गेलेला दिसला. उतारवयांत तोल, दृष्टि व निसरडी फरशी यांचें महत्त्व वाढतें. म्हणून मुलींच्या वाढत्या वयांत दूध, ताक, नाचणी व तीळ पानांत असावेत. ऊन व व्यायाम यांस मज्जाव नसावा. घरांतील स्त्रियांनीं सर्वांचें आटोपल्यावर उरलेंसुरलें खाण्याची चाल सोडावी. ज्यांच्या आईचा वा वडिलांचा खुबा मोडला असेल, त्यांनीं ऋतु बंद झाल्यावर डॉक्टरांस तें आपण होऊन सांगावें व ‘डेक्सा’ तपासणीविषयीं विचारावें. न्हाणीघरांत धरावयास दांडा व रात्रीं दिवा असावा.

दागिन्यांची यादी आपण लेकीसुनांसाठीं जपून ठेवतों. तिच्याच शेजारीं आजीचा खुबा कोणत्या वयांत मोडला, एवढी एक ओळ लिहून ठेवावी, अशी आमची प्रत्येक घरास विनंति आहे.