दोन फळ्या, एक बोल्ट आणि ध्रुवाचा नेम

जॉर्ज हेग यांनी आखलेल्या एका साध्या यंत्राचा आराखडा एप्रिल 1975 च्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात छापून आला. एका कडेला बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, त्यांच्यामधून जाणारा एक बोल्ट आणि वर कॅमेरा, एवढंच ते यंत्र. खालची फळी ट्रायपॉडवर घट्ट बसवायची आणि बोल्ट हाताने फिरवत वरची फळी हळूहळू उघडत न्यायची. ‘बार्न डोअर ट्रॅकर’ या नावाने हे यंत्र जगभरच्या हौशी आकाशछायाचित्रकारांनी आपापल्या घरी बनवलं. आज मोटारीवर चालणारे तयार ट्रॅकर मिळतात, तरीही हाताने फिरवायच्या या यंत्राइतकं आकाशाचं गणित उघडं करून दाखवणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

त्याची गरज का पडते ते आकड्यांत पाहू. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला सुमारे 15 विकला सरकतो (60 विकलांची एक कला, 60 कलांचा एक अंश). 50 मिलिमीटरची लेन्स आणि नेहमीचा डिजिटल कॅमेरा घेतला, तर सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण 16 विकला आकाश व्यापतो. मृग नक्षत्रातले त्रिकांडाचे तारे विषुववृत्ताला अगदी लागून आहेत. म्हणजे स्थिर ट्रायपॉडवर ते जवळजवळ प्रत्येक सेकंदाला एक पिक्सेल पुढे जातात. मृगातल्या तेजोमेघाचा फिकट पिसारा टिपायला प्रकाश मिनिटभर तरी साठवावा लागतो. तेवढ्यात ताऱ्यांच्या रेघा झालेल्या असतात.

यावर हेग यांच्या फळ्यांचा उपाय भूमितीचा आहे. 6 मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे आटे एका फेरीत 1 मिलिमीटर पुढे जातात. तो बिजागरीपासून 228.6 मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला बरोबर एक फेरी दिली, की वरची फळी पृथ्वीच्याच गतीने उघडते, 23 तास 56 मिनिटांना एक प्रदक्षिणा या हिशेबाने. इंचाला वीस आटे असलेला पाव इंची बोल्ट असेल तर अंतर 290 मिलिमीटर घ्यायचं. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत हाताने फेऱ्या देता येतात. बोल्ट सरळ आणि फळीची वाट वर्तुळाची, त्यामुळे चूक साचत जाते. पण 10 मिनिटांनंतर ती जेमतेम 6 विकला भरते, 20 मिनिटांनंतर मात्र 46. तेव्हा दर दहा मिनिटांनी बोल्ट मागे घेऊन नवी सुरुवात केली, की हा प्रश्न मिटतो.

खरा प्रश्न बिजागरीचा आहे. तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे खगोलीय ध्रुवाच्या दिशेने असायला हवा. तसा नसेल तर सुताराने कितीही सफाईने काम केलेलं असो, तारे तिरपे सरकतात. ही अट जुनीच आहे. सवाई जयसिंगाच्या जयपूर आणि उज्जैनच्या वेधशाळांतल्या सम्राट यंत्रांची तिरकी भिंत ध्रुवाकडेच रोखलेली आहे, तिचा चढ त्या त्या गावाच्या अक्षांशाएवढा. तिथे दगडात केलेलं काम आपल्याला माळरानावर, अंधारात, दर रात्री नव्याने करायचं असतं. यालाच पोलर अलाइनमेंट म्हणतात.

बिजागरी ध्रुवताऱ्याकडे रोखली की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण पुराणातला ध्रुव अढळ असला तरी आकाशातला नाही. तो खऱ्या ध्रुवापासून सध्या सुमारे 38 कला दूर आहे आणि रोज त्याच्याभोवती एक वर्तुळ काढतो. शिवाय महाराष्ट्र-गोव्यात तो फार खाली असतो. क्षितिजापासून त्याची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी, म्हणजे पुण्यात साडेअठरा अंश, कोल्हापुरात सतराच्याही आत, पणजीत साडेपंधरा. एवढ्या खाली धूळ, धुकं आणि गावाच्या दिव्यांचा उजेड असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी उत्तरेला डोंगर असेल, किंवा शहरात गच्ची फक्त दक्षिणेकडे उघडी असेल, तर ध्रुव दिसतच नाही. युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत ही अडचण येत नाही, कारण तिथे तो क्षितिजापासून बराच वर असतो.

ध्रुवाविना अलाइनमेंट करायची जुनी रीत म्हणजे ताऱ्याची सरक पाहणं. जर्मनीत ती खगोलशास्त्रज्ञ युलिउस शाइनर यांच्या नावाने ओळखली जाते. दक्षिणेला मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा) तारा दुर्बिणीच्या नेत्रिकेत धरायचा, तो उत्तरेकडे सरकतो की दक्षिणेकडे ते पाहायचं, त्यावरून अक्ष पूर्वेला कललाय की पश्चिमेला ते ठरवायचं. मग क्षितिजाजवळचा तारा घेऊन उंचीची चूक काढायची. रीत अचूक आहे, पण रात्रीचा मोठा तुकडा खाते.

सॉफ्टवेअरने हे काम काही मिनिटांवर आणलं. त्याच्या मुळाशी ‘प्लेट सॉल्व्हिंग’ आहे. फोटोतल्या ताऱ्यांच्या आपसातल्या आकृत्या संगणक तारासूचीशी ताडून पाहतो आणि चित्राचा मध्य आकाशात नेमका कुठे आहे ते सांगतो. ‘ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट’ हा प्रकल्प चार-चार ताऱ्यांच्या चौकड्यांवर चालतो. ‘ॲस्टॅप’ हा मोफत प्रोग्रॅम तारासूची आधी उतरवून घेतली तर इंटरनेटशिवाय चालतो. आपल्याकडे अंधारं आकाश आणि मोबाइलची रेंज सहसा एके ठिकाणी सापडत नाहीत, म्हणून हा गुण मोलाचा.

आता तीन फोटोंची युक्ती. पहिला फोटो काढा. फळी बिजागरीवर थोडी उघडा, दुसरा काढा. आणखी उघडा, तिसरा काढा. या तीन चित्रांचे मध्य आकाशातल्या एका वर्तुळावर पडतात आणि तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं. त्याचं केंद्र जिथे, तिथेच बिजागरीचा अक्ष रोखलेला असतो. खरा ध्रुव कुठे आहे हे प्रोग्रॅमला तारीख, वेळ आणि ठिकाण यांवरून माहीत असतंच. दोन्हींतला फरक तो पडद्यावर डावी-उजवी आणि वर-खाली असा मांडतो. ‘नीना’ प्रोग्रॅमच्या तीन-बिंदू अलाइनमेंटमध्ये मोटार नसलेल्या माउंटसाठी हाताने फिरवायची सोय आहे, ‘केस्टार्स’मधल्या ‘एकोस’मध्येही आहे. यात फोटो आकाशाच्या कुठल्याही भागाचे चालतात. ध्रुव डोंगराआड असला तरी बिघडत नाही.

हाताच्या यंत्राला मात्र काही पथ्यं आहेत. तीन फोटोंच्या दरम्यान हलायची ती फक्त बिजागरी. कॅमेऱ्याखालचा बॉलहेड किंचित घसरला, ट्रायपॉडचा पाय मातीत रुतला, तर वर्तुळच चुकतं. बोल्ट बाजूला करून फळी जितकी उघडेल तितकी उघडावी, कारण कमान लहान असली की केंद्राचा अंदाज डळमळतो. त्यानंतर फळीला हात लावायचा नाही, फक्त ट्रायपॉडचे उंचीचे आणि दिशेचे स्क्रू हलवायचे. पहिला अंदाज होकायंत्राने घ्यावा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, मात्र होकायंत्र लोखंडी बोल्टांपासून दूर धरावं. वातावरण प्रकाश वाकवतं म्हणून आपल्या अक्षांशावर ध्रुव सुमारे 3 कला उचललेला दिसतो. प्रोग्रॅममध्ये या वक्रीभवनाची सोय असेल तर ती चालू ठेवावी.

आणि चूक शून्यावर आणण्याच्या मागे लागू नये. अक्ष पूर्ण एक अंशाने चुकला तरी तारा मिनिटाला जास्तीत जास्त 16 विकला सरकतो. 50 मिलिमीटरच्या लेन्सला, दोन मिनिटांच्या फोटोत, हे दोन पिक्सेल झाले. तेवढीच चूक 200 मिलिमीटरच्या लेन्सवर सात-आठ पिक्सेलची रेघ काढते. चूक 10 कलांवर आली की तीच रेघ सव्वा पिक्सेलवर येते. हाताने फिरवायच्या फळ्यांसाठी एवढं पुरे आहे. याहून बारीक नेम धरला, तरी बोल्टला दिलेल्या फेरीतली हाताची थरथर त्याच्यावर पाणी फिरवते. म्हणून पडद्यावर दहाच्या आतला आकडा दिसला की स्क्रू घट्ट करा, लॅपटॉप मिटा आणि मृग पश्चिमेला उतरायच्या आत फोटो काढायला लागा.