वाचता येते, पण समजते का?

पुढील उतारा मोठ्याने वाचून पाहा.

‘गमुट्या सकाळीच पांद्रीत लवकला. तिथे त्याला दोन रेंभुळे दिसली. त्याने ती झिपटीत कोंबली.’

आता प्रश्न. गमुट्या कधी लवकला? त्याला किती रेंभुळे दिसली? त्याने ती कशात कोंबली? तिन्ही प्रश्नांची उत्तरे बिनचूक देता येतात. पण गमुट्या हा माणूस आहे की माकड, हेही आपल्याला सांगता येत नाही. सांगता येणारही नाही, कारण हे शब्द बनावट आहेत. धड्याखालचे पुष्कळ प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातले शब्द धड्यात शोधायचे आणि पुढचा-मागचा भाग उतरवायचा. अशी उत्तरे लिहिणारे मूल आपल्याला ‘वाचता येणारे’ वाटते. पुढे पाचवी-सहावीत विज्ञानाचा धडा समोर आला की ते अडते, आणि आपण म्हणतो की त्याला विज्ञान जमत नाही!

वाचनाचे दोन घटक

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचनाचे आकलन म्हणजे लिपीची उकल आणि भाषेची समज यांचा गुणाकार. दोन्ही घटक ० ते १ या दरम्यान मोजायचे. समजा, एखादे मूल अक्षरे जोडून झरझर वाचते (०.९), पण ती भाषा ऐकूनही त्याला फारशी कळत नाही (०.३). गुणाकार येतो ०.२७. इथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. एक घटक शून्याजवळ असेल, तर दुसरा कितीही वाढवून उपयोग होत नाही.

पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीकाठी मासवण लागते. या परिसरातील पाड्यांवरची बरीच मुले घरी वारली बोलतात. पुस्तकातील मराठी त्यांच्यासाठी निम्मी-अधिक नवी भाषा असते. पहिलीत गेल्यावर त्यांच्यापुढे लिपी आणि भाषा अशा दोन्ही गोष्टी एकदमच येतात. आपण मात्र बहुतेक वेळ लिपीवर घालवतो. याच जिल्ह्यातील वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीर येथे शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे मुलांच्या वाचन-लेखनाचा मागोवा घेतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात हेच चित्र दिसते. वर्गात अक्षरांवर भर आणि अर्थावर बोलणे थोडे. मुलांची विचार करण्याची ताकद मात्र अभ्यासक्रम धरून चालतो त्याहून अधिक.

मग अक्षरे पक्की होईपर्यंत आकलन थांबवून ठेवायचे का? तशी गरज नाही. चित्रांचे पुस्तक शिक्षकांनी मोठ्याने वाचले, की लिपीचे ओझे शिक्षकांकडे जाते आणि मुलाची सारी बुद्धी अर्थाकडे लागते.

चित्र काय करते?

एका पानावर एवढाच मजकूर आहे अशी कल्पना करू : ‘आजीने आभाळाकडे पाहिले आणि हाक मारली. सगळी घरातून धावत आली.’ चित्रात अंगणातल्या बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत टाकलेले आहेत आणि मागे काळे ढग आहेत. सगळी का धावली? उत्तर मजकुरात नाही आणि एकट्या चित्रातही नाही. मजकूर, चित्र आणि मुलाचा अनुभव यांची सांगड घातली तरच ते मिळते. सातपाटी किंवा तारापूरच्या किनाऱ्यावरचे मूल ते क्षणात सांगेल. मासवणच्या मुलासमोर बोंबलाऐवजी खळ्यातले भात ठेवले, तर तेही तितक्याच झटकन सांगेल. ज्या मुलाने बोंबील वाळत घातलेले पाहिलेच नाहीत, त्याला आधी ती गोष्ट दोन वाक्यांत सांगावी लागेल. न लिहिलेले ओळखणे म्हणजे अनुमान. आकलनाचा हा गाभा आहे आणि तो अक्षरओळखीची वाट न पाहता शिकवता येतो.

वर्गात कसे करावे?

पुस्तक आधी स्वतः वाचावे आणि थांबण्याच्या दोन-तीन जागा ठरवाव्यात. पान उलटण्याआधीची जागा उत्तम. मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवावे, म्हणजे चित्र सर्वांना दिसते. थांबल्यावर ‘आता काय होईल?’ असे विचारावे. उत्तर आले की लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नये, ‘कशावरून?’ असे विचारावे. मूल चित्रातल्या ढगाकडे बोट दाखवील किंवा मजकुरातला शब्द सांगेल. पान उलटल्यावर अंदाज चुकला असेल, तर तो बदलण्याची संधी द्यावी. अंदाज, पुरावा, पडताळा : विज्ञानाच्या तासाला आपण हेच तर करतो!

मुलाने उत्तर घरच्या भाषेत दिले तर ते स्वीकारावे आणि तेच पुस्तकी मराठीत एकदा म्हणून दाखवावे. गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी. पहिल्या वेळी मुले घटनांमागे धावतात; दुसऱ्या वेळी ‘आजीच्या ते आधी का लक्षात आले?’ अशा प्रश्नाला सवड मिळते. मात्र दर ओळीला थांबू नये, नाहीतर गोष्टीचा धडा होतो.

नुसते वाचणे आणि बोलत वाचणे यांत फरक पडतो का? अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे तपासले. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. एका गटाला मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचे वाक्य वाढवून परत म्हणायला शिकवले. दुसऱ्याने नेहमीसारखे वाचले. महिन्याभरातच पहिल्या गटातील मुले बोलण्यात पुढे गेली.

आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा दाखला फिजीचा आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी १९८० नंतर तेथील ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तके दिली. शाळेची भाषा इंग्रजी, घरची वेगळी. आठ महिन्यांत या मुलांची वाचन-आकलनातील प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली.

मर्यादा

प्रकट वाचनाने अक्षरे आपोआप येत नाहीत. कॅनडातील इव्हान्स आणि सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलांच्या नजरेची नोंद घेतली. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांवर क्वचितच. म्हणून लिपीचा तास वेगळा हवाच. गुणाकारातला दुसरा आकडाही शून्य राहता कामा नये.

दुसरी अडचण म्हणजे सारे चित्रातच दिसत असेल, तर मजकूर कोणी ऐकत नाही. यावर उपाय सोपा आहे. एखादे पान चित्र झाकून वाचावे, मुलांना मनातले चित्र सांगू द्यावे आणि मग खरे चित्र दाखवावे.

पुस्तके मराठीत मिळतात. माधुरी पुरंदरे यांची सचित्र पुस्तके आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आहे, आणि ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून गोष्टी विनामूल्य वाचता येतात.

उपयोग होतो की नाही हे आपल्या वर्गातच तपासावे. आज एक अनोळखी लहान गोष्ट चित्र न दाखवता वाचावी आणि दोन प्रश्न विचारावेत : एक ‘कोणी, कुठे, किती’ यांपैकी, दुसरा ‘का’ आणि ‘कशावरून’ असा. बरोबर उत्तरे देणाऱ्या मुलांची संख्या वहीत लिहून ठेवावी. आठ आठवडे रोज पंधरा मिनिटे बोलत वाचन करून, तेवढ्याच अवघड दुसऱ्या गोष्टीवर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. पहिल्या प्रश्नाचा आकडा फार हलणार नाही. त्याची उत्तरे तर गमुट्याबद्दलही देता येतात. पाहायचा तो दुसरा आकडा.