मिग-२७ कशाने म्हातारे झाले?

विमान जुने झाले की मोडीत काढावे, ही समजूत कारगिलच्या दाखल्यापुढे टिकत नाही. १९९९मध्ये पायदळाच्या मदतीला गेलेली मिग-२७ आणि मिराज-२००० ही दोन्ही विमाने आपल्या हवाई दलात ऐंशीच्या दशकाच्या मध्यालाच दाखल झाली होती. मिग-२७ तर नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या कारखान्यात तयार झालेले. अशी १६५ विमाने तिथून बाहेर पडली. २७ मे रोजी बटालिक भागात रॉकेटे डागल्यावर एका मिग-२७चे इंजिन बंद पडले आणि फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना विमान सोडावे लागले. विरळ हवेत रॉकेटचा गरम धूर इंजिनात ओढला गेला, तर आतले ज्वलन विझू शकते. महिनाभरातच, २४ जूनला, मिराजने टायगर हिलवरचा शत्रूचा तळ लेझर-नियंत्रित बॉम्बने अचूक टिपला.

वय सारखेच, मग फरक कुठे पडला? मिराजच्या पोटाखाली लायटनिंग पॉड घाईघाईने बसवला होता. या नळकांड्यातला कॅमेरा उष्णतेवरून तंबू आणि बंकर ओळखतो, लेझरचा ठिपका तिथे धरून ठेवतो आणि बॉम्ब त्या ठिपक्यामागे जातो. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे साधारण साडेतीन-चार किलोमीटर उंची गाठतात. शत्रू पाच हजार मीटरच्या कड्यावर बसलेला असेल, तर विमानाला नऊ हजारांच्या वरच राहावे लागते. तिथून नुसत्या डोळ्यांनी नेम धरायचा म्हणजे अंधारात दगड मारणे. म्हणून जमिनीवरच्या फौजेला साथ देताना विमानाच्या सांगाड्यापेक्षा त्याची नजर आणि शस्त्र किती ताजे आहे, ते आधी पाहायला हवे.

यावर पहिला आक्षेप ड्रोनचा. नागपुरात तयार होणारे ‘नागास्त्र-१’ साधारण नऊ किलोचे आहे, सैनिक ते पाठीवर नेऊ शकतो आणि त्यात वैमानिकाचा जीव टांगणीला लागत नाही. खरे आहे, पण त्यातली स्फोटके किलोभराची. खंदकातली तोफ किंवा उघडी गाडी त्याने निकामी होईल, दगडात कोरलेला बंकर फुटणार नाही. त्यासाठी शेकडो किलोचा बॉम्बच लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: युक्रेनमध्ये दाट हवाई संरक्षणापुढे दोन्ही बाजूंची सुखोई-२५ विमाने जमिनीलगत येतात, नाक वर करून रॉकेटे दुरूनच भिरकावतात आणि वळतात. नेम त्यात उरत नाही. अशा आकाशात नवे विमानही सुखाने घिरट्या घालू शकणार नाही. तिथे आधी शत्रूची रडारे आणि क्षेपणास्त्रे मोडावी लागतात.

तरीही नवी नजर लावून काहीही कायमचे चालत नाही. प्रत्येक झेपेत आणि प्रत्येक वळणावर पंखांच्या मुळाशी धातूवर ताण येतो. खालच्या खळबळत्या हवेत तो वाढतो आणि कालांतराने केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, ध्वनिलहरी सोडून शोधावी लागते. विमानाचे खरे वय अशा देखभालीच्या नोंदींतून कळते. सुटे भाग मिळेनासे झाले आणि इंजिनावरचा भरवसा उडाला, की नवा कॅमेरा लावणे म्हणजे पैसा वाया घालवणे. मिग-२७ची शेवटची तुकडी २७ डिसेंबर २०१९ला जोधपूरला निवृत्त झाली, ते योग्यच झाले. १९७९पासून सेवेत असलेल्या जॅग्वारलाही हाच निकष लावावा: धातू आणि इंजिन तपासणीत उतरत असतील, तर त्याला उंचावरून पाहणारी नजर द्यावी, उतरत नसतील, तर त्याच्या जुन्या पराक्रमापोटी वैमानिकाला त्यात बसवू नये.