ट्रंपेट : ओठांची विद्या

लग्नसराईच्या दिवसांत इंदूरच्या राजवाड्यापुढून एखादी वरात जात असते. घोड्यावरच्या नवरदेवापेक्षाही रस्त्याचे लक्ष वेधून घेतात ते पितळी वाद्ये घेऊन पुढे चालणारे बँडवाले. त्यांतला एखादा विशीतला तरुण काल कानावर पडलेले चित्रपटगीत आज ट्रंपेटवर बिनचूक वाजवतो. त्याच्यापुढे कागद नसतो. स्वर त्याच्या कानात आणि बोटांत बसलेले असतात. अशा तरुणाने मनात आणले की, आपण पाश्चात्त्य धर्तीच्या मोठ्या वाद्यवृंदात बसून वाजवावे, तर त्याला काय शिकावे लागेल आणि काय विसरावे लागेल? वाद्य तेच, पण विद्या बरीच निराळी आहे.

ट्रंपेट म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची गुंडाळलेली पितळी नळी. नुसती फुंकर घातल्याने ती बोलत नाही. सनईत पत्ती थरथरते. येथे वादकाचे स्वतःचे ओठच पत्तीचे काम करतात. त्यांच्या थरथरीने नळीतील हवा कंप पावते आणि स्वर उमटतो. मात्र मोकळ्या नळीतून सगळे स्वर निघत नाहीत. सा, त्यावरचा पंचम, मग तार षड्ज, तार गंधार, तार पंचम असे मोजकेच स्वर ओठ आवळून किंवा सैल करून मिळतात. आपल्या तुतारीचीही हीच मर्यादा आहे, आणि युरोपातील जुन्या ट्रंपेटचीही हीच होती. हायडनने १७९६ साली आपला प्रसिद्ध कन्चेर्टो लिहिला तो अँटोन वाइडिंगर या वादकासाठी. त्याच्या ट्रंपेटच्या नळीला भोके पाडून त्यांवर झाकणे बसवलेली होती. ती युक्ती फार दिवस टिकली नाही. १८१४ च्या सुमारास जर्मनीत व्हॉल्व्ह निघाला आणि प्रश्न सुटला.

व्हॉल्व्हचे गणित मोठे सुरेख आहे. बोटाने दाबला की मूळ नळीला आणखी एक तुकडा जोडला जातो, नळी लांबते आणि स्वर उतरतो. दुसरा व्हॉल्व्ह अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक स्वर, तिसरा दीड स्वर. आता पंचमावरून खाली यावयाचे आहे असे समजा. दुसरा दाबला की तीव्र मध्यम, पहिला दाबला की शुद्ध मध्यम, पहिला-दुसरा मिळून शुद्ध गंधार, दुसरा-तिसरा मिळून कोमल गंधार, पहिला-तिसरा मिळून शुद्ध रिषभ, आणि तिन्ही मिळून कोमल रिषभ. त्याखालचा षड्ज तर मोकळ्याच नळीत आहे! तीन बोटांत सारी दरी भरून निघते.

पण या गणितात एक खोट आहे. प्रत्येक तुकडा मोकळ्या नळीच्या मापाने कापलेला असतो. एका व्हॉल्व्हने नळी लांबली की दुसऱ्याचा तुकडा तिला तोकडा पडतो, आणि म्हणून दोन्ही रिषभ चढे लागतात. ते जागेवर आणण्यासाठी वादकाला डाव्या हाताच्या अनामिकेने तिसऱ्या व्हॉल्व्हची सरकती नळी किंचित बाहेर ओढावी लागते. वरातीच्या गलबल्यात हा फरक कुणाला कळत नाही. वाद्यवृंदात शेजारी ओबो आणि व्हायोलिन वाजत असताना तो तत्काळ खटकतो.

शिक्षणाचा आरंभ अर्थातच व्हॉल्व्हपासून होत नाही. चांगला शिक्षक पहिले काही आठवडे लांब, हलके स्वर काढावयास लावतो. पुढचे पक्के दात येण्याआधी मुलाच्या हाती ट्रंपेट देण्याची घाई करू नये. माउथपीस ओठांच्या मध्यावर टेकावा, रुतू नये. गाल फुगू नयेत. श्वास पोटापर्यंत भरावा. जितका वेळ वाजवले तितका वेळ विसावा घ्यावा, कारण ओठांचे स्नायू थकले की विद्यार्थी माउथपीस दाबून वरचे स्वर काढू लागतो, आणि ही खोड एकदा जडली की सुटता सुटत नाही. मग जिभेचे काम येते. साधा आघात ‘तु-तु’, जलद आघात ‘तु-कु’, तिहेरी ‘तु-तु-कु’. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हे मुळीच अवघड जाऊ नये.

फ्रेंच वादक आर्बान याचा १८६४ सालचा अभ्यासग्रंथ आजही जगभर शिकवला जातो. त्यातील स्वरपलट्यांची पाने पाहिली की इंदूरच्या रसिकाला मेरुखंडाची आठवण व्हावी. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांनी याच शहरात वडिलांच्या हाताखाली ते पलटे घोटले होते. रियाजाचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच!

खरी अडचण कागदाची आहे. वाद्यवृंदातील ट्रंपेटवादकाला स्वरलिपी नुसती वाचून भागत नाही, ती वाचता वाचता बदलावीही लागते. व्हॉल्व्ह येण्यापूर्वी वादक प्रत्येक पट्टीसाठी नळीचे निराळे तुकडे लावीत, आणि रचनाकार त्या त्या पट्टीचा भाग लिहून देत. ते कागद तसेच राहिले. आजचा वादक एकच वाद्य हाती धरून मनातल्या मनात पट्टी बदलत जातो. काळी चारमध्ये बसवलेले गाणे आयत्या वेळी पांढरी दोनमध्ये वाजवणारा पेटीवाला हे कष्ट जाणेल.

त्यातच वाद्यवृंदात ट्रंपेटे दोनतीन, फार तर चार. व्हायोलिनवाल्याची चूक शेजाऱ्यांच्या आवाजात बुडते, ट्रंपेटवाल्याची बुडत नाही. कित्येक मात्रा गप्प बसून, मनात मोजत, थंड झालेल्या ओठांनी नेमक्या क्षणी हलका स्वर लावावयाचा असतो. माहलरच्या पाचव्या सिंफनीचा प्रारंभ तर एकट्या ट्रंपेटनेच होतो. त्या वेळी पाठीशी कुणीही नसते.

आपल्याकडे ही विद्या रुजली ती मुख्यतः गोव्यात. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त मुलांना सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर पाहून गाणे, शिकवीत, वाद्य त्यानंतर. तेथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. हळदोण्याचे चिक चॉकलेट (१९१६–१९६७) हे त्यांतले नामांकित ट्रंपेटवादक; सी. रामचंद्र यांच्या संगीताला त्यांचे साहाय्य लाभले. पुढे विद्युत् वाद्यांनी चित्रपटांतील तो रोजगार आटवला. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद निघाला, पण त्यातले बरेच वादक परदेशांतून येतात. मध्य प्रदेशातच पचमढीला १९५० पासून लष्कराची संगीतशाळा आहे. तेथे कागद वाचूनच वाद्य शिकवतात. मात्र ती सैनिकांसाठी.

मग इंदूरच्या त्या तरुणाचे काय? कान त्याचा तयार आहे, दम आहे, बोटे चपळ आहेत. ओठांची ठेवण मात्र वर्षानुवर्षे चालत चालत, मोठ्याने आणि दाबून वाजवल्यामुळे बिघडलेली असू शकते. ती बदलावयाची तर जुनी पद्धत काही महिने सोडावी लागते, आणि त्या काळात पूर्वी येत होते तेही धड वाजत नाही. ज्याची कमाई लग्नसराईवर आहे, त्याला हे कसे परवडावे? ‘आधी बँड सोड’ असे त्याला सांगणारा शिक्षक संगीत जाणत असेल, संसार जाणत नाही. त्यापेक्षा चातुर्मास धरावा. आषाढी एकादशीनंतर वराती बंद होतात. अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांची एक रात्र सोडली तर फारसे बोलावणे नसते. त्या चार महिन्यांत रोज वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका, हलके लांब स्वर, आणि शेजारी उघडी स्वरलिपी. तुळशीचे लग्न लागले की गणवेश पुन्हा अंगावर चढतो. तेव्हा तीनचार तास वाजवून घरी परतल्यावर ओठांवर माउथपीसचा वळ पूर्वीपेक्षा फिका उमटला आहे की नाही, ते त्याने आरशात पाहावे.