ताप गेला, सांधे राहिले



भातलावणीचे दिवस आले की आपल्या धर्मग्रामातील काही घरांतून एकच तक्रार ऐकू येते: "फादर, ताप कधीच गेला, पण मनगटे आणि घोटे काही मोकळे होत नाहीत." बाहेरून पाहावे तर माणूस धडधाकट. ताप नाही, जखम नाही. मग घरचे कुजबुजतात, शेजारी टोमणे मारतात आणि 'कामचुकार' असा शिक्का बसतो. आजचे हे पान अशा दुखणाईतांसाठी आहे, तसेच त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांसाठीही आहे.

हे दुखणे बहुधा चिकनगुनियाच्या तापानंतर मागे राहिलेले असते. नावात 'चिकन' असले तरी कोंबडीचा येथे काही संबंध नाही. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. आजच्या टांझानियात १९५२-५३ साली हा रोग प्रथम ओळखला गेला. आपल्या देशात १९६३ साली कलकत्त्यात आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली. पुढे तीसेक वर्षे तो जणू नाहीसाच झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ साली कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र व इतर राज्ये मिळून सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली.

तापाचा विषाणू साधारण आठवडाभरात रक्तातून जातो. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत बरे होतात. पण काहींचे महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे दुखतात. असे का होते, याचे पक्के उत्तर शास्त्रज्ञांनाही अजून सापडलेले नाही. विषाणूचे अवशेष सांध्यात दडून राहतात असे काही म्हणतात. शत्रू गेला तरी शरीराची संरक्षक फौज शांत होत नाही असे काहींचे मत आहे. वयस्कर माणसे, स्त्रिया आणि आधीच सांधेदुखी असलेले यांना हा त्रास अधिक होतो. कारण कळले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

मग दिवस कसा काढावा?

सकाळी सांधे आखडलेले असतात. एकदम उठू नये. अंथरुणातच बोटे, मनगटे, घोटे हळूहळू हलवावेत. मग दहा मिनिटे हात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवावेत. सांधा सुजून गरम झाला असेल तर मात्र शेक न देता थंड पाण्याची घडी ठेवावी.

सर्वांत मोठी चूक होते ती बऱ्या दिवशी. आज बरे वाटले म्हणून दोन दिवसांची कामे एकदम उपसायची आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, असे होऊ देऊ नये. दुखू लागण्याआधीच थांबावे. अर्धा तास काम, दहा मिनिटे विसावा. उलट, दिवसभर पडून राहणेही वाईट. त्याने सांधे अधिक धरतात. रोज थोडे चालावे.

खुरप्याच्या व विळ्याच्या मुठीला जुने कापड किंवा सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड करावी. बोटांवरचा ताण कमी होतो. उकिडवे बसण्याऐवजी पाट किंवा ठेंगणे स्टूल घ्यावे. मोठ्या घागरीची एक खेप करण्यापेक्षा लहान कळशीच्या दोन बऱ्या. कपडे पिळणे, धार काढणे ही मनगटाची कामे घरातील दुसऱ्याने उचलावीत.

औषधांबाबत सावध असा. ताप असताना, डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत, अ‍ॅस्पिरिन किंवा इतर जोरकस वेदनाशामक घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे. वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने मनाने खाल्ल्यास पोट व मूत्रपिंड बिघडते. 'एका सुईत बरे करतो' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. अशा सुईत अनेकदा स्टेरॉइड असते. चार दिवस माणूस घोड्यासारखा चालतो. पण ते वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस चालू असलेले एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. बैल विकून असे उपचार करू नयेत.

तीन महिन्यांनंतरही सूज राहिली, किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकला, तर सरकारी इस्पितळात दाखवा. तो संधिवाताचा दुसरा प्रकारही असू शकतो आणि त्यावर वेळीच उपचार झाले तर सांधे वाचतात. कोणता सांधा कधी दुखला हे वहीत लिहून न्यावे. डॉक्टरांचे काम सोपे होते.

हे दुखणे शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. ते पसरवणारा डास दिवसा चावतो आणि पिंपे, टाक्या, जुने टायर यांतील साठलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून आतून घासावीत, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

आता दोन शब्द धर्मगुरू म्हणून. गुडघे धरले असतील तर मिस्साबलिदानात बसून राहावे. ख्रिस्तसभा आजाऱ्याला तशी मोकळीक देते. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचे बंधनही आजाऱ्याला नाही. अन्नाबरोबर घ्यायची गोळी उपाशीपोटी घेऊ नये. आणि आजार ही पापाची शिक्षा आहे असे कोणी कोणाला ऐकवू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर बरे होते. बोलू लागले ते त्याचा दोष काढण्यासाठीच.

प्रभू येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन रानातून येत होता, असे शुभवर्तमान सांगते. तोही दमलेला असेल. यंदा लावणीला ज्या घरातील हात दुखतात, त्या घरच्या बांधावर अर्धा दिवस आपण उभे राहिलो, तर त्याचेच काम आपण पुढे नेले असे होईल.

आपला,
धर्मगुरू