दारू सुटते कशी?

दारू सोडण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिला उपाय सुचतो तो शपथेचा. कोणी आईची शपथ घालतो, कोणी देवापुढे नारळ ठेवतो. शपथ खोटी नसते, पण ती एकटी पडते. वाळूजच्या कारखान्यातला कामगार पगाराच्या दिवशी पाळी संपवून त्याच मित्रांबरोबर, त्याच रस्त्याने घरी निघतो. त्या वेळी त्या शपथेला आधार कोणाचा?

पहिला आधार डॉक्टरांचा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर काही तासांतच हात कापू लागतात, झोप उडते. काहींना फेफरे येते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. हा निर्धाराचा दुबळेपणा नव्हे. दारूला सरावलेला मेंदू ती न मिळाल्याने बिथरतो. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नये, औषधोपचाराखाली दारू तोडावी. वाळूजकरांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे 'घाटी' रुग्णालय आहे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

दुसरा आधार समदुःखी माणसांचा. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी, दारू सोडून काही महिने झालेल्या एका शेअरदलालाला पुन्हा तल्लफ आली. गुत्त्याकडे वळण्याऐवजी त्याने आपल्यासारखाच दुसरा मद्यासक्त शोधला. तो निघाला एक शल्यवैद्य! त्या दोघांच्या बोलण्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. तिला वर्गणीची सक्ती नाही, आडनावाची चौकशी नाही. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. जन्मभराची शपथही तेथे मागत नाहीत. आजचा दिवस न पिता काढावा, एवढेच सांगतात.

तिसरा आधार घरचा. १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्याला मोठे साहाय्य झाले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार होतो. ते योग्यच आहे; कारण पिणारा एक असला तरी झळ साऱ्या घराला लागते. बायकोने उधारी फेडत राहणे, कामावर खोटी सबब कळवणे, ही माया व्यसनालाच पोसते. तिलाही सल्ल्याची, सोबतीची गरज असते.

एवढे करूनही पाय घसरू शकतो. तेव्हा 'हा सुधारायचा नाही' असे म्हणून दार लावू नये. मधुमेह पुन्हा वाढला म्हणून आपण उपचार सोडतो काय? शपथ त्याने घ्यावी. ती पाळायला मात्र चार माणसे लागतात, आणि ती चार माणसे आपणच असतो.